ऑब्च्युरेटर हर्निया: नाजूक आजींचं पोट उघडायचं की बाहेरूनच सारायचं?

सुईदोरा: ऑब्च्युरेटर हर्निया म्हणजे कटीच्या हाडातल्या भोकातून आतडं मांडीकडे घुसून अडकणं. त्यावर काल कुणीतरी ठोकून दिलं, "८५ वर्षांच्या, ३५ किलोच्या आजी असतील तर सोनोग्राफीखाली दाबून आत सारा, काम झालं." काम झालं? इथे बहुतेकदा रिश्टर असतो, म्हणजे आतड्याच्या भिंतीचा फक्त एक तुकडा अडकलेला. काळी पडलेली भिंत आत गेली की उलट्या थांबतात, सगळे खूश. दोन दिवसांनी ती फुटून पोट लाकडासारखं.

भूलवाला: आणि भूल कशी द्यायची? तीन दिवसांच्या उलट्या, पोटॅशियम तळाला, पोटात लिटरभर हिरवं पाणी. रायल्स (नाकातून पोटात जाणारी नळी) न टाकता इंडक्शन केलं, म्हणजे भूल चढवली, की तेच फुप्फुसात. लघवी तासाला किलोमागे ०.५ मिली होऊ दे, मग बोला.

सुईदोरा: त्या लघवीची वाट बघत रात्र घालवू नका म्हणजे झालं.

ओपीडीतला: मुळात निदानच उशिरा! मांडीच्या आतल्या बाजूला कळ, पाय मागे ताणून आत वळवला की वाढते, दुमडला की उतरते. हीच खूण, हाउशिप-रोम्बर्ग, समोर असते आणि आपण गुडघ्याचा एक्सरे काढतो. जांघेत गाठ लागत नाही, कारण ती पेक्टिनिअस या मांडीच्या स्नायूमागे दडलेली.

फिल्मवाचक: म्हणून सीटी, तोही मांडीच्या वरच्या भागापर्यंत. पेक्टिनिअस आणि त्यामागचा ऑब्च्युरेटर एक्स्टर्नस या स्नायूंच्या मध्ये आतड्याचं वळं दिसलं की विषय संपला. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.८ आलं की सीटीच रद्द करणारे भेटतात, त्यांना काय म्हणावं!

ओपीडीतला: कॉन्ट्रास्टनं, त्या शिरेतून द्यायच्या औषधानं, किडनी गेली तर घरच्यांना तोंड तुम्ही देणार?

फिल्मवाचक: मग प्लेन, कॉन्ट्रास्टशिवाय, काढा की! वळं त्यातही दिसतं. भिंतीचा रक्तपुरवठा मात्र दिसत नाही, तेव्हा "आतडं जिवंत" असं माझ्याकडून लिहून घेऊ नका.

सुईदोरा: मी तरी दुसरं काय म्हणतोय?

भूलवाला: बरं. दुखणं नुकतंच सुरू झालंय, पोट मऊ, ताप नाही, लॅक्टेट (आतडं मरत असेल तर रक्तात वाढणारं आम्ल) ठीक. खुबा-गुडघा दुमडून सोनोग्राफीच्या प्रोबखाली हळू दाबलं तर काय पाप?

सुईदोरा: लॅक्टेटवर जाऊ नका, रिश्टरमध्ये तुकडा एवढासा, तो लॅक्टेट हलवतही नाही. पण दाबा, माझी ना नाही. जोर लावायचा नाही, गेलं की पुन्हा सीटी, ४८ तास पोटावर हात ठेवत राहायचं, थिएटर तयार. सावरल्यावर भोक बुजवा, नाहीतर पुन्हा येतंच. पोट उघडलंत तर आतून हिसका देऊ नका, आतडं तिथेच फाटतं. भोकावरचा पडदा थोडा कापून त्याचं कडं सैल करा, पण शेजारी नस आणि रक्तवाहिन्या आहेत. आतडं फुटलेलं असेल तर भोक बुजवायला जाळी नको.

भूलवाला: म्हणजे निवडक आजींना चालतं! हे एवढं कबूल करून घ्यायला अर्धा दिवस गेला.

फिल्मवाचक: दुसरी बाजूही बघा रे, दोन्हीकडे असतो कधीकधी.