मदत हवी आहे: म्युनिकमध्ये दोघांचा संसार आणि भटकंती

नमस्कार मंडळी. नवऱ्याची म्युनिकला बदली झाली आहे. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं कोथरूडहून बिऱ्हाड हलवतोय. नवऱ्याला ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा युरोपियन युनियनमधला परवाना) असल्यामुळे मला व्हिसासाठी जर्मन भाषेची अट नाही, तरी मॅक्सम्युलर भवनात वर्ग लावलाय. भाजीवाल्याशी तरी बोलता यायला हवं ना!

खरी काळजी घराची आहे. तिथे भाड्याचं घर बरेचदा स्वयंपाकघराशिवाय मिळतं. ओटा, सिंक, कपाटं आधीचा भाडेकरू काढून नेतो, भिंतीतून नुसते नळाचे पाइप बाहेर आलेले असतात. कुणी त्याच्याकडूनच सगळं विकत घेतलंय का? भाव कसा ठरवलात? सासूबाईंनी मायेने तूप कढवून ठेवलंय, पण युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तिथल्या लोण्याचं तूप रवाळ होतं का?

दुसरं फिरण्याचं. रेसिडेन्स परमिटवर बाकीच्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. डॉइचलांड तिकिटावर (जर्मनीभर चालणारा महिन्याचा पास) लोकल आणि रीजनल गाड्यांनी थेट ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गपर्यंत जाता येतं, वेगवान आयसीई मात्र त्यात नाही. आम्हाला धावपळीत देश मोजायचे नाहीत, एकेका गावात निवांत राहायचंय. शनिवार-रविवारात जमतील अशी कोणती गावं सुचवाल?

आणि डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो म्हणे. नवरा ऑफिसात असताना तुम्ही पहिला हिवाळा कसा काढलात? याबद्दल जरूर सविस्तर लिहा.