डाव्या बाजूचा खडखडाट सकाळी येतो आणि दुपारी येत नाही

पांदणवाला (प्रश्न)

नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. घरापासून शाळा चौदा किलोमीटरवर असून त्यातील चार किलोमीटर पांदण रस्ता आहे, म्हणजे मुरूम उडून गेल्यावर उघडी पडलेली गिट्टी, बंड्यांच्या चाकोऱ्या आणि मध्ये एक रपटा. पुढचा रस्ता डांबरी म्हणायचा. पण काळ्या मातीवर बांधलेला असल्यामुळे ती माती पावसाळ्यात फुगून आणि उन्हाळ्यात आकसून त्याच्याही लाटा झाल्या आहेत. गाडी २०२० सालची पेट्रोल हॅचबॅक असून आतापर्यंत ६२ हजार किलोमीटर चालली आहे.

गेल्या दीड महिन्यापासून डॅशबोर्डच्या डाव्या बाजूने, बहुधा ग्लोव्ह बॉक्सच्या खालच्या अंगाने, खडखड असा आवाज येतो. स्टीलच्या डब्यात दोन सुपाऱ्या टाकून डबा हलवावा, अगदी तसा. वीस ते तीसच्या वेगात, चाकोरीतून जाताना तो सर्वांत जास्त असतो. सध्या शाळा सकाळची आहे, त्यामुळे मी पावणेसातला निघतो आणि त्या वेळी आवाज हमखास येतो. साडेअकराला त्याच रस्त्याने परततो तेव्हा मात्र गाडी मुकी असते. येताना माझ्याच गावच्या एक सहकारी शिक्षिका सोबत असतात (सकाळी त्या लवकरच्या एसटीने जातात). त्यांनी हा आवाज अद्याप एकदाही ऐकलेला नाही आणि मला भास होतात, असे त्यांचे स्पष्ट मत आहे.

शहरातील एका वर्कशॉपमध्ये दोनदा गाडी दाखवली. पहिल्या वेळी तेथील कारागीर शेजारी बसून मुद्दाम खराब रस्त्यावर फिरून आला, आवाज आला नाही. दुसऱ्या वेळी त्यांनी डॅशबोर्ड खोलून आत फोम भरला, १८०० रुपये घेतले आणि दोन स्क्रू उरलेले म्हणून माझ्या हातात दिले. आवाज आहे तिथेच आहे. ग्लोव्ह बॉक्स, दारांचे कप्पे, डिकी हे सर्व मी रिकामे करून पाहिले. जॅक आणि स्टेपनी घट्ट आहेत. मार्चच्या सुरुवातीला नवीन सीट कव्हर बसवून घेतले, त्याव्यतिरिक्त गाडीत काहीही बदललेले नाही. सकाळच्या थंडाव्याचा आणि दुपारच्या उन्हाचा याच्याशी संबंध असावा असा माझा तर्क आहे. पुन्हा डॅशबोर्ड खोलण्यापूर्वी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सिमेंटरोड, अमरावती

सर, आपले निरीक्षण अचूक असेल तर आपला तर्कही योग्य आहे. डॅशबोर्ड ज्या पॉलिप्रॉपिलीन जातीच्या प्लॅस्टिकचा असतो, ते तापल्यावर पोलादापेक्षा कित्येक पटींनी जास्त वाढते. तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर मीटरभर लांबीच्या पोलादी पट्टीची वाढ अर्ध्या मिलिमीटरच्या आतच राहते, पण तेवढ्याच लांबीचे प्लॅस्टिक दोन-तीन मिलिमीटर वाढू शकते. ही वाढ सामावण्यासाठी सांध्यांत मुद्दाम फट ठेवलेली असते आणि भार क्लिपांवर दिलेला असतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत काचेखालचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या पुढे जातो. आपल्याकडचे पाच-सहा उन्हाळे सोसल्यावर क्लिपा ठिसूळ होतात, पहाटे आकसलेला भाग त्यांच्यात सैल बसून आपटतो आणि दुपारी फुगून पुन्हा घट्ट होतो.

मात्र खडखड आणि किरकिर यांत गल्लत करू नये. दोन भागांमध्ये फट असेल तर ते एकमेकांवर आदळून खडखडतात. दोन भाग एकमेकांना चिकटून घासत असतील तर ते अडखळत सरकतात आणि किरकिरतात. किरकिरीवर फेल्टची किंवा वायरिंगला गुंडाळतात ती कापडी टेप चांगले काम करते. खडखडीवर आधी फट शोधून ती बंद करावी लागते, फोम कोंबून ती बंद होईलच असे नाही. साधी काळी पीव्हीसी टेप वापरूच नये, कारण आपल्या मे महिन्यात तिचा गोंद पाघळून सगळा चिकटा होतो.

एक सोपा प्रयोग गाडी उभी असतानाही करता येतो. मोबाइलवर ४० ते १२० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा स्वर मिळवून तो गाडीच्या स्पीकरवर मोठ्याने लावावा आणि शेजारच्या माणसाने एकेक भाग तळहाताने दाबत जावे. ज्या भागावर हात ठेवताच झणझण थांबेल, तो दोषी. काचेच्या दोन्ही कडांच्या उभ्या खांबांवरची आवरणे मात्र स्वतः उचकटू नयेत आणि त्यांत काही भरू नये. अनेक गाड्यांत त्यांच्यामागे पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते.

आर्वीची कृषी सहायक

माझ्या गाडीत डाव्या बाजूनेच असा आवाज येत होता, म्हणून लिहिते. ब्लोअर लावला की खुळखुळ आणि बंद केला की शांतता, असा तो प्रकार होता. गाडी कोठ्याशेजारी, पऱ्हाटीच्या गंजीला लागून उभी असायची. केबिन फिल्टरचे झाकण काढले तेव्हा आत उंदराने कुरतडलेल्या कापसाची गादी आणि तिच्यावर नीट रचलेल्या बोराच्या आठळ्या निघाल्या. मी मोजल्या, एक्केचाळीस होत्या. काही आठळ्या पंख्याच्या पिंजऱ्यात पडून त्याच्यासोबत फिरत होत्या.

सरांचा आवाज चाकोरीत येतो आणि ब्लोअरचा त्यांनी उल्लेख केलेला नाही, तेव्हा हे कारण नसेलही. तरी ग्लोव्ह बॉक्स खाली घेऊन फिल्टर पाहायला बहुतेक गाड्यांत दहा मिनिटे लागतात आणि पैसा लागत नाही. झाकण काढताना नाकातोंडाला रुमाल बांधावा, कारण उंदराची वाळलेली घाण श्वासावाटे आत जाणे चांगले नाही.

हिंगणघाटचा मिस्त्री

गुरुजी, उन्हाचे म्हणणे चुकीचे नाही. थंडीच्या पहाटे तक्रार घेऊन येणाऱ्या आणि दुपारी तीच गाडी शांत पाहून ओशाळणाऱ्या माणसांना मी तीस वर्षे पाहतो आहे. पण आपले लिहिणे मी दोनदा वाचले आणि मला त्यात वेगळेच दिसले. सकाळी आपण एकटे असता. दुपारी मॅडम शेजारी बसलेल्या असतात. वर्कशॉपचा कारागीरही शेजारीच बसला होता. आवाज ज्यांनी ज्यांनी ऐकला नाही, ते सगळे एकाच जागी बसले होते.

त्यामुळे डॅशबोर्डला हात लावण्यापूर्वी डावी सीट तपासावी. रिकाम्या सीटवर खडखडणाऱ्या वस्तू पुष्कळ असतात. लोंबकळणाऱ्या पट्ट्याची लोखंडी जीभ खांबाच्या प्लॅस्टिकवर आपटते, डोके टेकण्याच्या उशीच्या दांड्या खाचेत खुळखुळतात, सीट ज्या रुळांवर सरकते त्या रुळांतही थोडी ढिलाई असते आणि माणसाचे वजन आले की ती दबते. दुपारी, उन्हातच, पण एकट्याने तोच रस्ता चालून पाहावा. आवाज आला तर उन्हाचा मुद्दा निकाली निघेल. मग एका वेळी एकच बदल करावा: प्रथम फक्त पट्टा लावावा, नंतर उशी काढून मागच्या सीटवर ठेवावी आणि शेवटी सीटवर माणसाइतके वजन ठेवावे. सगळे एकदम केले तर आवाज जाईल, पण कशाने गेला ते कळणार नाही आणि महिन्याभराने पुन्हा हेच गाऱ्हाणे येईल.

आवाज पुढून येतो असे वाटते, त्यावर फार विश्वास ठेवू नये. समोरची काच तिरपी असते आणि ती मागचा आवाजही परतवून आपल्या कानाकडे पाठवते. शिवाय तळाचा पत्रा अख्खा एकसंध असल्यामुळे एका कोपऱ्यातला ठोका दुसऱ्या कोपऱ्यात ऐकू येतो. माझ्याकडे डॅशबोर्डची म्हणून आलेली तक्रार कित्येकदा खाली स्टॅबिलायझरच्या लिंकमध्ये किंवा सायलेन्सरच्या पत्र्यात निघालेली आहे. खडबडीत भागावर ब्रेक पेडल अगदी हलके दाबून पाहावे. खडखड तेवढ्यापुरती थांबली तर ब्रेक पॅडकडे पाहावे. टायरमधील हवाही सकाळी थंड असताना, दारावरच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे तपासावी. पंपावर बहुतेकांना चार पौंड जास्त भरण्याची सवय असते आणि दगडासारख्या टायरवर चांगली गाडीही बोलू लागते.

सीट कव्हरचा उल्लेख आपण जाता जाता केला आहे. चांगले घट्ट कव्हर बसवायचे तर बरेच कारागीर सीट बाहेर काढतात, म्हणजे चार बोल्ट खोलतात. ते चारही पुन्हा आवळले गेले का, हे पाहावे. सीटखाली पिवळ्या रंगाची जोडणी दिसली तर ती ओढू किंवा सोडवू नये. ती एअरबॅग किंवा पट्टा खेचणाऱ्या यंत्रणेची असते.

पांदणवाला

सर्वांचे आभार. रविवारी दुपारी दोन वाजता, डोक्यावर बेचाळीस अंश ऊन असताना, एकटाच पांदणीने निघालो. पहिल्याच चाकोरीत सुपाऱ्या वाजल्या. दीड महिना जपलेला माझा तर्क रपट्याच्या अलीकडेच संपला.

त्यानंतर मिस्त्रींनी सांगितलेल्या क्रमानेच गेलो. पट्टा लावला, आवाज कायम. उशी काढली, आवाज कायम. मग घरून तुरीचा ५० किलोचा कट्टा आणून डाव्या सीटवर ठेवला. वजन कळताच गाडी पट्ट्यासाठी टिंग टिंग करू लागली, म्हणून कट्ट्याला पट्टाही बांधावा लागला आणि वाटेत भेटलेल्या दोघांनी थांबून त्याची विचारपूस केली. आवाज मात्र पूर्ण बंद होता. कट्टा उतरवला की सुरू, ठेवला की बंद. तीन फेऱ्या मारून खात्री केली.

सीट मागे सरकवून पुढच्या रुळाच्या टोकाचे प्लॅस्टिकचे टोपण काढले. दाराकडच्या बाजूचा बोल्ट बोटांनी पाऊण फेरा फिरला. त्याच्या माथ्याखालचा काळा रंग घासून गोल कडे चांदीसारखे चकाकत होते आणि रुळाच्या भोकाभोवती राखेसारखी बारीक लोखंडी पूड जमली होती. इतर तीन बोल्ट घट्ट होते. कव्हर बसवताना तो हाताने लावून नंतर आवळायचा राहिला असणार, याबद्दल मला आता शंका नाही. डॅशबोर्डमधील फोमही ग्लोव्ह बॉक्सच्या वाटेने जेवढा हाताला लागला तेवढा काढला आणि उरलेले दोन स्क्रू त्यांच्या जागी बसवले. ताई, फिल्टर पाहिला. आठळ्या नाहीत, पण कडुनिंबाचा ओंजळभर पाला निघाला.

बोल्ट सध्या घरच्या पान्याने आवळला आहे आणि आवाज बंद झाला आहे. मॅडमना पुरावा दाखवण्याची संधी मात्र हुकली. आता त्या शांततेत डिकीकडून बारीक टकटक ऐकू येऊ लागली आहे, जी बहुधा आधीपासूनच होती. घरच्या पान्याचे आवळणे पुरेसे आहे का आणि या टकटकीचे काय करावे, एवढे सांगावे.

हिंगणघाटचा मिस्त्री

पुरेसे नाही. तो बोल्ट काढून, आटे पुसून, पुन्हा बसवावा आणि टॉर्क रेंचने आपल्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत दिलेल्या मापाइतका आवळून घ्यावा. बाकीचे तिन्हीही त्याच वेळी तपासून घ्यावेत. अपघातात माणसाला धरून ठेवण्याचे काम पट्टा करतो, पण पट्ट्याचे बक्कल सीटला असते आणि सीट त्या चार बोल्टांवर असते. हे होईपर्यंत मॅडमना मागच्या सीटवर बसवावे. आटे खराब झालेले दिसले तर बोल्ट नवा घ्यावा, जुन्यालाच वॉशर लावून चालवू नये.

डिकीसाठी आधी मागचा सामान झाकण्याचा ट्रे काढून एक फेरी मारावी, कारण हॅचबॅकमध्ये निम्मी टकटक त्याच्याच खुंट्यांची असते. तसे असेल तर खुंटीला फेल्टचा एक वेढा पुरतो. ट्रे नसतानाही आवाज आला तर मागच्या दाराच्या दोन्ही कडांना असलेली रबरी बटणे पाहावीत. बऱ्याच गाड्यांत ती हाताने फिरवून बाहेर काढता येतात. अर्धा फेरा बाहेर काढावा, बटणावर दहाची नोट ठेवून दार लावावे आणि नोट ओढावी. अलगद निघाली तर आणखी अर्धा फेरा, अडकून निघाली तर तेवढे पुरे. दाराच्या रबराला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. आपल्याकडे डिझेल, इंजिनचे तेल किंवा व्हॅसलिन लावण्याची पद्धत आहे. ते लावू नये, त्याने ते रबर फुगते आणि दार लागेनासे होते.