'फक्त एक कॉलम' आणि पाच आठवडे

हिशेबनीस_लोअरपरळ: ऑफिस लोअर परळला, गोदाम भिवंडीला. विक्रीच्या रिपोर्टात माल निघाल्याच्या तारखेचा एक कॉलम हवा म्हणून आयटीकडे तिकीट (म्हणजे त्यांच्या सिस्टिममध्ये लेखी विनंती) टाकलं, त्याला पाच आठवडे झाले. मधे एकदा शनिवारी रात्री 11:40 ला त्यांचा प्रश्न आला, "सोर्स काय?" सोमवारी बघते तर तिकीट बंद. कारण : युजरकडून प्रतिसाद नाही. जीएसटीआर-1 ची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी विवरणपत्राची, मुदत 11 तारीख. तो कॉलम नाही म्हणून 10 च्या रात्री आमची पोरं महिनाअखेरीची बिलं गोदामाच्या डिलिव्हरी चलनांशी हाताने जुळवतात, करी रोडची शेवटची लोकल चुकेल या धास्तीत. एकाच मजल्यावर बसतो हो आम्ही! पण उठून विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं, "तिकीट टाका." आयटी म्हणजे काय तहसील कचेरी?

सर्व्हरखालचा: मी दुसरीकडच्या आयटीत. आम्ही चौघं, युजर सहाशे. जो टेबलाशी येऊन उभा राहील त्याचं आधी केलं, तर लांबच्या शाखेतल्याने काय करायचं? तो ट्रेन पकडून येणार? रविवार मोजून तिकीट बंद करणारी सेटिंग मात्र गाढवपणाची आहे. (आमच्याकडेही होती. मीच लावलेली.)

मॅक्रोमावशी: आम्ही सांगणंच सोडलंय. एक्सेलात मॅक्रो (काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) लिहिला, तीन वर्षं चालतोय. आयटीला पत्ता नाही.

सर्व्हरखालचा: पत्ता लागतो, मावशी रजेवर गेल्या की. 2020 मध्ये इंग्लंडात जुन्या एक्सेल फाइलीत 65,536 च्या वर ओळी मावेनात आणि जवळजवळ 16,000 कोविड रुग्ण मोजणीतून गळले.

मॅक्रोमावशी: ती फाइल सरकारी खात्याची होती. मावशीची नाही.

गोदामवाला: ताई, मध्येच बोलतो. मीही भिवंडीतच, दुसऱ्या कंपनीत. तुम्हाला नक्की कुठली तारीख हवी? ई-वे बिलात (माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या कागदात) गाडीचा नंबर भरला की त्याची मुदत सुरू होते, 200 किलोमीटरला एक दिवस. आम्ही ती धरतो. आमचे सेल्सवाले ऑर्डर पास झाली की "माल निघाला" म्हणतात. तेव्हा गाडी लागलेलीही नसते.

हिशेबनीस_लोअरपरळ: आत्ता आमच्या गोदामाला फोन केला. तेही गाडीचीच धरतात. आणि मी आजवर बिलाची समजत होते!

सर्व्हरखालचा: "सोर्स काय" म्हणजे हेच विचारलं होतं त्यांनी.

हिशेबनीस_लोअरपरळ: मान्य, तिकिटात मी नुसतं 'तारीख' लिहिलं होतं. पण दोन शब्दांतून, तेही शनिवारी रात्री, मला हे कसं उमगावं? गोदामवाल्यांनी एका प्रश्नात उलगडून दाखवलं. नवं तिकीट टाकतेय, दहा बिलं जोडून. आणि टाकल्यावर तिकडे जाऊन उभीही राहणार.