क्योतोहून स्वस्तात फिरायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. स्टुडंट एक्स्चेंजवर जपानमध्ये क्योतोत आहे. पोटापाण्याचं जमलंय: रात्री सुपरमार्केटात उरलेल्या डब्यांवर अर्ध्या किमतीचे स्टिकर लागतात, तेव्हाच जाते. (शाकाहारी असल्याने बरेच डबे तसेही बाद, माशाचा अर्क कशातही असतो!)

अडलंय प्रवासाचं. विद्यार्थी व्हिसावर जेआर पास (जपान रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास) मिळत नाही. मार्चमध्ये हिरोशिमा आणि तोक्यो करायचंय. सेइशुन १८ तिकीट (जेआरच्या लोकल गाड्यांनी हवं तितकं फिरायचं स्वस्त तिकीट) आता सलग दिवसच चालतं, ५ दिवसांचं १२,०५० येन, मैत्रिणीबरोबर वाटूनही घेता येत नाही. शिंकानसेन (बुलेट ट्रेन) त्यावर नाहीच, लोकल बदलत तोक्योला जाण्यात अख्खा दिवस मोडतो. त्यापेक्षा रात्रीची बस बरी का? एका रांगेत चार सीटवाली स्वस्त बस झेपते, की तीनवालीच घ्यावी? आणि हिरोशिमात हॉस्टेल कुठल्या भागात बघू?