हेरपटातली नायिका: हा सिनेमा हिचा, असं कधी वाटलं? (अनुभव धागा)

तळटीप (धागाकर्ती)

हेरपटांतल्या बायकांचा विषय निघाला की चर्चा दोनच गोष्टींवर घुटमळते: ती दिसते कशी आणि हाणते कशी. दोन्हींत मला रस आहे, खोटं कशाला बोलू. पण पोस्टरवर नायकाच्या बरोबरीनं झळकणारी बाई सिनेमात बरोबरीनं असतेच असं नाही, हेही आपण सगळ्यांनी पाहिलंय. तर आमंत्रण असं: एखादी भूमिका किंवा एखादाच प्रसंग सांगा, जिथं तुम्हाला वाटलं की हा सिनेमा हिचा आहे. किंवा वाटायला हवं होतं आणि वाटलं नाही. का, ते जरूर लिहा. आपल्या कामधंद्याच्या नजरेतून काही दिसलं असेल तर अधिक उत्तम. रहस्यभेद होणारच, ज्यांना ते नको असतील त्यांनी इथूनच परत फिरावं.

सुरुवात मी करते. हिचकॉकचा 'नटोरियस' (१९४६). इन्ग्रिड बर्गमनची अलिशिया नवऱ्याच्या जुडग्यातून तळघराची किल्ली काढून घेते. तेवढ्यात नवरा खोलीत येतो, लाडानं तिचे दोन्ही हात हातात घेतो. एक मूठ उघडून तळव्याचं चुंबन घेतो. किल्ली दुसऱ्या मुठीत. तो ती उघडणार इतक्यात ही त्याच्या गळ्यात पडते, त्याच्या पाठीमागे किल्ली खाली सोडते आणि पायानं बाजूला सारते. एवढंच. पिस्तूल नाही, पाठलाग नाही, नायक त्या खोलीत नाही. पुढे मेजवानीत कॅमेरा वरच्या मजल्यावरून उतरत उतरत थेट तिच्या मुठीतल्या किल्लीपर्यंत येतो, त्याचं कौतुक पुष्कळांनी केलंय. मला मात्र ती मिठी जास्त आवडते. प्रेम दाखवणं आणि चोरी लपवणं एकाच हालचालीत, आणि ती हालचाल सुचली तिची तिला. शेवटी नायक कॅरी ग्रँट तिला आधार देत जिना उतरवतो, हे खरं आहे. उतरवू दे. तोवर सिनेमा तिचा झालेला असतो.

दुसरा आवाज

मी डबिंग करते, परदेशी सिनेमांना आवाज देते. हेरपटातल्या बाईचं काम आलं की संवादांची वही आधी चाळून बघते. पुष्कळदा वाक्यं सगळी प्रश्नार्थक असतात. "आता काय करायचं?" "तू कोण आहेस?" "ते परत आले तर?" नायकाला माहिती सांगायला निमित्त हवं म्हणून हिनं विचारायचं. अशी वही हातात पडली की काम लवकर संपणार हे कळतं.

बॉंडपटातल्या नायिकेचा पहिला मान मात्र आमच्याच धंद्याला आहे. 'डॉ. नो' (१९६२) मध्ये समुद्रातून वर येणारी उर्सुला अँड्रेस सगळ्यांना आठवते, पण पडद्यावर ऐकू येतो तो आवाज तिचा नाहीच. तो निकी व्हॅन डर झिल हिचा. त्याच सिनेमात इतर बायकांनाही तिनंच आवाज दिला. बॉंडपटांच्या पहिल्या नायिकेचा चेहरा जगभर गेला आणि बोलणारी पडद्यामागे राहिली, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

उलट अनुभवही आहे. एका भूमिकेत बाई समोरच्याशी सलग खोटं बोलत होती. दिग्दर्शक म्हणाले, "त्याला संशय येता कामा नये, पण प्रेक्षकाला यायला हवा." एका वाक्यात दोघांशी बोलायचं! घसा सुकला, पण त्या दिवशी कामाची खरी मजा आली. माझी कसोटी तिथूनच ठरली: तिला खोटं बोलायला मिळतं का? ज्या बाईला लपवायला काही दिलेलंच नाही ती कितीही वेळ पडद्यावर असो, हेरपटाची नायिका नव्हे.

आडवाटेचा

माझा मुद्दा लहान. 'मिशन: इम्पॉसिबल – रोग नेशन' (२०१५), व्हिएन्नाचं ऑपेरा हाऊस. छपरावरून पळायची वेळ येते तेव्हा इल्सा फाउस्ट पाय पुढे करून नायकाला सँडल काढायला सांगते. उंच टाचांवर धावणाऱ्या बायका बघून बघून कंटाळलो होतो. ही व्यवहारी निघाली. तेव्हाच खूश.

ताळेबंद

दुसरा आवाज यांना अनुमोदन, आणि माझ्या बाजूनं एक भर. मी हिशेब तपासणारा माणूस. त्यामुळे 'कॅसिनो रॉयाल' (२००६) मधली व्हेस्पर लिंड आगगाडीत येऊन 'पैसा म्हणजे मी' अशा थाटात बसते तिथंच मला ती आपली वाटली. ती ब्रिटिश ट्रेझरीची अधिकारी, जुगाराच्या एक कोटी डॉलरवर नजर ठेवायला आलेली. बॉंड हरतो आणि आणखी पन्नास लाख मागतो. ती सरळ नाही म्हणते. कारण देते, आवाज चढवत नाही, बधत नाही. मंजुरीची सही ज्याच्याकडे असते त्याच्यासमोर भलेभले कसे चरफडतात ते मी रोज बघतो. तेच बॉंडचं होतं.

पण खरी गंमत दुसऱ्यांदा बघताना. शेवट माहीत असतो, तिच्यावर कोणाचा दबाव होता ते माहीत असतं. मग तिचं प्रत्येक गप्प बसणं वेगळं दिसायला लागतं. जिंकलेली रक्कम जमा करायची वेळ येते तेव्हा बॉंड परवलीचा शब्द टाकतो आणि खाते क्रमांक टाकते ती. पहिल्या वेळी ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आता तेवढ्या चार सेकंदांसाठी मी सिनेमा मागे नेऊन बघतो. नायकाच्या सिनेमाखाली तिचा दुसराच सिनेमा चाललेला असतो, आणि तो पुन्हा बघितल्याशिवाय दिसत नाही.

उजवी लाथ

सगळे मारामारीला नाक मुरडणार हे दिसतंय, म्हणून लिहिते. मी कराटे शिकवते. पडद्यावरच्या मारामारीत मला राग येतो तो दमाचा. सहा जणांना लोळवून बाई केस मागे सारते आणि पुढचं वाक्य बोलते, श्वाससुद्धा लागलेला नाही! 'अॅटॉमिक ब्लाँड' (२०१७) मधली जिन्यातली झुंज म्हणून आवडली. शार्लीझ थेरॉन तिथं दमते. समोरचाही दमतो. दोघं झोकांड्या खात, जिन्याच्या कठड्याला धरून उठतात आणि पुन्हा भिडतात. हातात येईल ते वापरते, कारण समोरचा वजनानं जास्त आहे आणि नुसत्या ठोशानं तो पडणार नाही. सिनेमाच्या सुरुवातीलाच ती बर्फाच्या पाण्यात अंग शेकताना दिसते, सगळं काळंनिळं. अंगाला हिशेब चुकवावा लागतो हे कबूल करणारी मारामारी असेल तर ती स्वभावदर्शनच आहे.

आपल्याकडचं उदाहरण: 'बेबी' (२०१५) मध्ये तापसी पन्नू हॉटेलच्या खोलीत एकटीनं संशयिताला लोळवते. भूमिका केवढीशी! पण लोकांनी ती इतकी उचलून धरली की २०१७ मध्ये तिच्या पात्रावर 'नाम शबाना' निघाला. मजा अशी, की अख्खा सिनेमा मिळाल्यावर ती मला त्या खोलीतल्याइतकी मोठी वाटली नाही. त्यात तिला सतत कोणीतरी निवडतंय, पारखतंय, पाठवतंय.

तळटीप

@उजवी लाथ, 'शेकताना' बर्फात कसं काय? :) बाकी शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत.

कडकट्ट

बिनतारी संदेशाच्या नोकरीत उमेदीची वर्षं गेली. सिनेमात बिनतारी चालवणारा कायम कोपऱ्यात, कानाला हेडफोन लावून बसलेला, आणि भारी कपडे घालून दूतावासाच्या मेजवानीत शिरणारी ती नायिका. म्हणून 'अ कॉल टू स्पाय' (२०१९) मुद्दाम पाहिला. त्यात राधिका आपटेनं नूर इनायत खानचं काम केलंय.

नूर ही नाझींच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये ब्रिटिशांच्या एसओई या गुप्त युद्धसंघटनेनं पाठवलेली पहिली स्त्री बिनतारी ऑपरेटर. जून १९४३ मध्ये उतरली. थोड्याच दिवसांत तिच्या जाळ्यातली माणसं धडाधड पकडली गेली. लंडननं परत यायला सांगितलं, ती थांबली. या कामातली अडचण बाहेरच्याला कळत नाही. संदेश पाठवायचा म्हणजे हवेत ओरडून आपला पत्ता सांगण्यासारखं. दिशा शोधणाऱ्या गाड्या फिरत असतात, म्हणून लवकर आटोपायचं, एरियल गुंडाळायची, सूटकेसमधला संच उचलायचा, जागा बदलायची. शिवाय प्रत्येकाचा बटण दाबायचा हात वेगळा असतो. अनुभवी कानाला नाव न सांगता कळतं कोण पाठवतंय ते. ऑक्टोबरपर्यंत ती टिकली. पकडल्यावर तिची संदेशांची वही जर्मनांच्या हाती लागली आणि त्यांनी ती वापरलीही. १३ सप्टेंबर १९४४ ला डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली. जॉर्ज क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक तिला मरणोत्तर मिळालं, १९४९ मध्ये.

ती वही मला महत्त्वाची वाटते. शूर माणूस वही जपून ठेवण्याचा घोळही करू शकतो. पटकथाकार बहुधा यातलं एकच ठेवतात, एक तर शूर, नाहीतर भाबडी. ज्या दिवशी दोन्ही असलेली बाई कोणी दोन तास उभी करेल, त्या दिवशी पहिल्या खेळाला मी हजर.

नेपथ्य

प्रायोगिक नाटकात काम करते. अँग लीचा 'लस्ट, कॉशन' (२००७) आमच्या ग्रुपनं एकत्र पाहिला आणि नंतर कोणी फारसं बोललं नाही. त्यातली कॉलेजची पोरंपोरी देशभक्तीचं नाटक करतात, टाळ्या मिळतात, आणि त्याच जोरावर ठरवतात की आता खरोखरच्या देशद्रोह्याला मारायचं. टांग वेईची वांग ही त्यांची नटी. श्रीमंत व्यापाऱ्याची बायको व्हायचं, माजाँग हा चिनी सोंगट्यांचा खेळ खेळायचा, त्या माणसाला जाळ्यात ओढायचं. भूमिका इतकी लांबते की विंगेत जायची सोयच राहत नाही. आणि अंगठीच्या दुकानात, सापळा लागलेला असताना, ती त्याला निसटून जायला सांगते.

आमच्यातले काही म्हणाले, प्रेमात पडून माती केली, ही कसली नायिका. मला तसं वाटत नाही. तोवर तिची सगळी वाक्यं दुसऱ्यांनी लिहून दिलेली होती. ते एक तिचं स्वतःचं. परिणाम भयंकर होतात, तिच्या मित्रांसकट. तरी तो निर्णय तिचाच.

चिमटा

'सॉल्ट' (२०१०) ची भूमिका मुळात पुरुषासाठी लिहिली होती, मग ती अँजेलिना जोलीकडे आली. डोळ्यांदेखत नवऱ्याला मारतात आणि ती चेहऱ्यावरची रेषही हलू देत नाही, तो प्रसंग बघा. पुढचं अर्धं रहस्य त्या चेहऱ्यावर उभं आहे. सगळे लेखक बायकांच्या भूमिका आधी पुरुषांसाठी का लिहीत नाहीत?

सायंतारा

'राझी' (२०१८) वर आमच्या घरात दोन तट आहेत. आईच्या मते सहमत पहिल्या क्षणापासून नायिका: वडिलांनी सांगितलं, तिनं शिक्षण सोडून शत्रूच्या घरात लग्न केलं, १९७१ चं युद्ध तोंडावर असताना बातम्या पाठवल्या. मी म्हणते, तोवर ती फक्त पाठवलेली आहे. नोकराच्या अंगावर जीप घालते तेव्हाही प्रशिक्षण काम करतंय. नवरा मारला गेल्यावर ती आपल्याच वरिष्ठावर उसळते आणि या खेळातून बाहेर पडते, तिथं ती मला पहिल्यांदा पूर्ण दिसली. आईचं उत्तर: "आधीचं सगळं केलं नसतं तर उसळायला तोंड राहिलं असतं का?"

यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. पुढची लढाई 'एक था टायगर'मधल्या झोयावर आहे, आणि तिथं आई माझ्या बाजूनं येईल अशी चिन्हं आहेत.