मदत हवी आहे: रोलर कोस्टरच्या मॉडेलमध्ये गोटी लूपच्या माथ्यावरून पडतेय

नमस्कार मंडळी, जरा तातडीचं आहे. मुलगा आठवीत, शनिवारी शाळेत विज्ञान प्रदर्शन, आणि चिरंजीवांनी विषय घेतलाय रोलर कोस्टर बनवणारी कंपनी. दिवाळीत खोपोलीला इमॅजिका थीम पार्कात नायट्रो नावाच्या रोलर कोस्टरमध्ये बसून आल्यापासून डोक्यात तेच. ती राइड बॉलिगर अँड मॅबिलार्ड, म्हणजे बी अँड एम या स्विस कंपनीची, १९८८ मध्ये दोन इंजिनियरनी काढलेली, हे मला त्यानेच सांगितलं, मी तर सगळा वेळ डोळे मिटून होतो.

तक्ता जवळपास झालाय पण इन्व्हर्टेड आणि फ्लोअरलेस या रोलर कोस्टरच्या दोन प्रकारांत फरक काय ते दोघांनाही कळेना, पाय तर दोन्हीकडे लटकतातच ना?

खरा घोळ मॉडेलचा आहे. एसीच्या पाइपवर घालतात तो काळा फोमचा नळा उभा चिरून ट्रॅक केला, कपाटाला चिकटपट्टीने लावला, खाली ४० सेंमी व्यासाचा गोल लूप, म्हणजे ट्रॅकचा उभा वेढा. गोटी ४५ सेंमीवरून सोडतो. लूप ४० चा आणि आपण ४५ वर, म्हणजे पोचायला हवी ना? पण माथ्याजवळ गेली की सुटते आणि थेट फ्रीजखाली. आत्तापर्यंत सात गोट्या गेल्या. तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रिक सामानाचा बाजार) एकाने छोटी मोटर लाव म्हणून सांगितलं पण मुलगा म्हणतो ते चीटिंग.

प्रतिसाद १
पोचायला पुरेल हो, पण माथ्यावर नुसतं पोचून भागत नाही, तिथे वेग हवा नाहीतर ट्रॅकवर दाब राहत नाही आणि गोटी पडणारच. घर्षण धरलं नाही तरी घरंगळणाऱ्या गोटीला त्रिज्येच्या २.७ पट उंची लागते. तुमची त्रिज्या २०, म्हणजे ५४ सेंमी. फोम मऊ, तो बराच जोर खातो, म्हणून ७० धरा. आणि लूप हातात धरू नका, हलला की तिथेच वेग गेला. मोटर नकोच, पोरगं बरोबर बोलतंय.

प्रतिसाद २
उंची वाढवायच्या आधी लूपचा आकार बदला. खऱ्या राइडचा लूप गोल नसतो, उलट्या थेंबासारखा असतो, वरचं वळण घट्ट आणि खालचं पसरट. वर त्रिज्या लहान म्हणून कमी वेगात भागतं, आणि खाली वळण हळूहळू सुरू होतं म्हणून माणसाला एकदम दणका बसत नाही. अमेरिकेत कोनी आयलंडला १८९५ मध्ये फ्लिप फ्लॅप नावाची राइड होती, तिचा लूप पूर्ण गोल, लोकांच्या माना धरायच्या. थेंबाचा आकार नीट बसला तो १९७६ च्या रेव्होल्यूशन या राइडपासून, त्याचं गणित वेर्नर श्टेंगेल या जर्मन इंजिनियरचं. हे तक्त्यावर टाका, परीक्षक खूश होतील.

प्रतिसाद ३
इन्व्हर्टेडमध्ये गाडी रुळाच्या खाली लटकते, चाकं तुमच्या डोक्यावर. बी अँड एमची अशी पहिली राइड १९९२ ची बॅटमॅन. फ्लोअरलेसमध्ये गाडी रुळावरच चालते, फक्त पायाखालची जमीन काढून टाकलेली, स्टेशनात चढायला फळी असते ती निघताना सरकते. नायट्रो ही दुसऱ्या प्रकारची. बाकी प्रकारांत, विंगमध्ये सीट रुळाच्या दोन्ही बाजूंना बाहेर, फ्लाइंगमध्ये पालथं झोपवतात, आणि डाइव्ह म्हणजे कड्यावर दोन-चार सेकंद थांबवून खाली सोडतात. त्या थांबण्यातच अर्धा जीव जातो.

प्रतिसाद ४
सात गोट्या घालवण्याआधी कागद-पेन्सिल घेतली असती तर? असो. फ्रीज पुढे ओढा, मागे जुन्या रबरी चपलाही सापडतील.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. लूप थेंबासारखा केला, मागे पुठ्ठ्याचा आधार दिला, वरून ७० सेंमीवरून सोडली. पहिल्या दहात सात पार. उरलेल्या तीन जोडाच्या जागी अडकतात, तिथे चिकटपट्टीची कड वर आलीय, रात्री बघतो. प्रतिसाद ४ वाले काका, चप्पल नाही, दूध तापवायचं झाकण मिळालं. कपाटाचा रंग चिकटपट्टीबरोबर निघालाय ते मात्र अजून घरी सांगितलेलं नाही.