जेआर-२ (दुसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर) असताना बाहेर नाइट ड्युटी केली तर?

जेआर२_मेडिसिन:
सरकारी कॉलेजात एमडी मेडिसिन करतोय. स्टायपेंड दोन महिने रखडलाय, एमबीबीएसच्या कर्जाचा हप्ता मात्र पाच तारखेला कापला जातोच. जवळच्या एका नर्सिंग होममध्ये रविवारी रात्री आरएमओ (ड्युटीवरचा डॉक्टर) म्हणून बोलावतायत. पैसे रोख, 'तुमचं नाव कुठे येणार नाही' म्हणाले. दोन-तीन सिनियर करतात. नियम नक्की काय?

भूलवाला:
एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) २०२३ च्या नियमांनुसार पीजी विद्यार्थी पूर्णवेळ निवासी डॉक्टर असतो. बाहेरची नोकरी त्यात बसत नाही. प्रवेशाच्या वेळी हमीपत्र दिलं असशील तर तेही काढून वाच.

पण पकडले जाण्यापेक्षा मला ते 'नाव येणार नाही' जास्त खटकलं. रात्री तीनला छातीत दुखतंय म्हणून पेशंट आला. ईसीजी तू बघितलास, ऑर्डर तू लिहिलीस. खाली सही कोणाची? तुझी असेल तर नाव आलंच की. घरी झोपलेल्या मालकाची असेल तर कागदच खोटा, आणि अक्षर तुझं. पेशंट दगावून प्रकरण ग्राहक आयोगात गेलं की आधी केसपेपर मागवतात. इन्डेम्निटी पॉलिसी (उपचारातल्या चुकीच्या दाव्यांसाठीचा डॉक्टरांचा विमा) असली तरी परवानगी नसलेल्या कामाचा क्लेम कंपनी सुखासुखी देईल असं समजू नकोस. मी पंचवीस वर्षं छोट्या हॉस्पिटलांत भूल देत फिरतोय, हे प्रकार पाहिलेत.

तिसरं_वर्ष_संपेना:
काका, 'पूर्णवेळ' फक्त आम्हालाच का? १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला ४८ तास लिहिलेत, आमचे बुधवारीच भरतात. २०२४ च्या संपानंतर स्टायपेंड दहा हजारांनी वाढला, पण वेळेवर कुठे मिळतो?

भूलवाला:
मान्य, शंभर टक्के. त्यासाठी मार्डकडून, म्हणजे तुमच्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेकडून, लेखी तक्रार जाऊ दे. पण ४८ तास बुधवारीच भरत असतील तर रविवारी रात्री तू कोणाचा ईसीजी धड वाचणार आहेस? आणि मूळ प्रश्न विचारणाऱ्या पोरा, तू आधी बँकेत जा. पुढचं शिक्षण चालू आहे म्हणून हप्ते पुढे ढकलायचा अर्ज दे. शाखेत नाही म्हणाले तर लेखी नकार माग, सूर बदलतो.

जेआर२_मेडिसिन:
सहीचं विचारलं. म्हणाले, 'सर सकाळी राउंडला आले की करतात.' नको म्हणून कळवलं. ड्युटी संपल्यावर बँकेत जातो. बोनाफाइड डीन ऑफिसचंच लागतं की एचओडींचं चालतं?